वैऱ्याचं गाढव

"आता चांगुलपणाचे दिवस राहिले नाहीत." उपासना संपल्यावर देवळाच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत, पंच कमिटीच्या बैठकीत हे वाक्य हल्ली सारखं कानावर येतं. बोलणारी माणसं वाईट नाहीत. दर रविवारी देवळात असतात, दशांश देतात, आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला रात्री-अपरात्री उठून जातात. म्हणूनच मला या वाक्याचा राग येतो. बाहेरच्या कुणी ते म्हटलं असतं तर मी वाद घातला नसता. त्यानं प्रभूला शब्द दिलेला नाही. आपण दिलेला आहे, बाप्तिस्म्याच्या दिवशी, मंडळीसमोर उभं राहून.

ही नुसती कुरकुर असती तर सोडून देता आली असती. पण तिच्यामागं पुरता युक्तिवाद आहे आणि तो त्याच्या सगळ्या जोरानिशी ऐकून घेतला पाहिजे. ज्याला आपण आवडत नाही त्याच्याशी चांगलं वागलं की तो आपल्याला दुबळं समजतो आणि आणखी डोक्यावर बसतो. आपण कुणाचं भलं करायला गेलो की 'धर्मांतरासाठी चाललंय' असा बोभाटा होतो, मग करायचंच कशाला? आपल्या आज्या-पणज्यांनी गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या सोसलं, आता पुन्हा आम्हीच का सोसायचं? शिवाय 'द्वेष करणाऱ्याचं भलं करा' हे प्रभूचं बोलणं म्हणजे आदर्श झाला. तो देवाचा पुत्र होता, आपण संसारी माणसं. आणि तरुण मंडळी यात स्वतःची भर घालतात : ज्याच्यामुळे मनःशांती बिघडते त्याला आयुष्यातून वजा करा, नंबर ब्लॉक करा, मोकळे व्हा.

यातलं एकही म्हणणं मला मान्य नाही.

आदर्शाच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे त्याच्याच आडोशाला उभे आहेत. आपण समजून चालतो की द्वेष करणाऱ्याचं भलं करण्याची गोष्ट पहिल्यांदा गालीलातल्या डोंगरावर निघाली आणि तीही आभाळाएवढ्या उंचीवरून. निर्गमाचा तेविसावा अध्याय उघडून पाहा. मोशेच्या नियमशास्त्रात तिथं एक साधा, शेतकऱ्याला कळेल असा नियम आहे. वैऱ्याचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं, तर ते त्याच्याकडे परत नेऊन पोहोचवायचं. जो आपला द्वेष करतो त्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं, तर बाजूनं निघून जायचं नाही. थांबायचं आणि त्याच्या जोडीनं ते उठवायचं.

यात न झेपणारं काय आहे? बैल, गाढव, ओझं आणि रस्ता. ज्यानं लादलेलं, बसकण मारलेलं जनावर कधी उठवलं असेल त्याला ठाऊक आहे की हे एकट्याचं काम नाही. एकानं या बाजूनं ओझ्याला खांदा लावायचा, दुसऱ्यानं त्या बाजूनं. म्हणजे नियम पाळायचा तर ज्याचं तोंड पाहावंसं वाटत नाही त्याच्यासमोर, हातभर अंतरावर, घाम गाळत उभं राहावं लागतं. त्या माणसाबद्दल मनात माया दाटून आली आहे का, असं नियम विचारत नाही. त्यानं आधी माफी मागितली का, तेही विचारत नाही. मन नंतर येईल किंवा येणारही नाही. हात मात्र लगेच लागतो. पौलानं रोमकरांना लिहिताना वैऱ्याला काय द्यायला सांगितलं? भुकेला असेल तर जेवण, तान्हेला असेल तर पाणी. तेही त्यानं जुन्या नीतिसूत्रांतूनच उचललं. भाकरी आणि पाणी देणं हे फक्त देवाच्या पुत्रालाच जमतं, असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं ते स्वतःच्या आईसमोर म्हणून दाखवावं.

आणि हा नियम कुठं बसवला आहे तेही पाहण्यासारखं आहे. त्याच्या लगेच आधी काय येतं? खोटी साक्ष देऊ नका, पुष्कळ जण म्हणतात म्हणून न्याय वाकवू नका. लगेच नंतर काय येतं? गरिबाच्या दाव्यात अन्याय करू नका, लाच घेऊ नका. न्यायनिवाड्याच्या नियमांच्या बरोबर मधोमध वैऱ्याचं गाढव उभं आहे. द्वेष करणाऱ्याशी भलेपणानं वागणं म्हणजे न्यायावर पाणी सोडणं, असं ज्यांनी ठरवून टाकलं आहे त्यांनी ही आठ-दहा वचनं कधी सलग वाचलेली नाहीत.

आता दुबळेपणाचा आरोप. प्रभूच्या अटकेची रात्र डोळ्यांपुढं आणा. गेथशेमाने बागेत पेत्रानं तलवार काढून मल्खाचा कान उडवला. मल्ख कोण? प्रमुख याजकाचा दास, पकडायला आलेल्यांपैकी एक. येशूनं त्याच्या कानाला हात लावून तो बरा केला. पुढं काही तासांतच, हन्नासमोर चौकशी चालू असताना, तिथल्याच एका शिपायानं येशूच्या तोंडात मारली. तेव्हा तो गप्प राहिला का? त्यानं त्या शिपायाला सरळ जाब विचारला : मी चुकीचं बोललो असेन तर ते सिद्ध कर, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? एकाच रात्रीत, एकाच वाड्यातल्या दोन नोकरांशी तो असा वागला. एकाची जखम भरून दिली, दुसऱ्याला प्रश्न विचारला. दोन्ही हात त्याचेच होते आणि दोन्हीत विरोध नव्हता. दुसरा गाल पुढं करण्याची शिकवण ज्यानं दिली त्यानंच ती कशी पाळायची हे दाखवलं आहे, आणि त्यात मुकाट्यानं मार खाणं बसत नाही.

फिलिप्पैमधला पौल घ्या. चौकशी न करता त्याला आणि सीलाला छड्या मारल्या, तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. रात्री भूकंप झाला, दारं उघडली, आणि कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा अधिकारी स्वतःच्या पोटात तलवार खुपसायला निघाला. ज्यानं खोड्यात घातलं त्यालाच पौलानं ओरडून थांबवलं : आम्ही सगळे इथंच आहोत. इथपर्यंतची गोष्ट आपल्या रविवारच्या शाळेत मुलांना सांगतात. पुढची सांगत नाहीत. सकाळी शहराच्या अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की यांना गुपचूप जाऊ द्या. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला चौकशीविना चारचौघांत मारलं, आता गुपचूप काय म्हणून जायचं? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर काढावं. ते आले, त्यांनी विनवण्या केल्या, मगच तो बाहेर पडला. हा दुबळा माणूस वाटतो?

इथं मला आपल्याच काही उपदेशकांवर बोट ठेवायचं आहे, कारण दुबळेपणाचा हा आरोप त्यांनीच ओढवून घेतला आहे. नवऱ्याच्या हातचा मार खाऊन आलेल्या बाईला 'सोस बाई, प्रभूनं दुसरा गाल सांगितलाय' असं सांगून परत त्याच घरात धाडणारे पाळक मी पाहिले आहेत. हे पाप आहे. यापेक्षा सौम्य शब्द मला सुचत नाही आणि शोधायचाही नाही. जिथं जिवाला धोका आहे तिथून बाहेर पडणं, पोलिसांत जाणं, चार लोकांना सांगणं हे सगळं त्या बाईचं कर्तव्य आहे आणि तिच्या पाठीशी उभं राहणं मंडळीचं. नासरेथच्या लोकांनी येशूला कड्यावरून ढकलायला नेलं तेव्हा तो त्यांच्यातून वाट काढून निघून गेला. कड्याशी थांबून राहिला नाही. द्वेष करणाऱ्याचं भलं करण्याची आज्ञा ही मारणाऱ्याच्या सोयीसाठी दिलेली नाही, आणि जो ती तशी वापरतो त्यानं तिचा उच्चारही करू नये.

पिढ्यान्‌पिढ्या सोसण्याचा मुद्दा याहून जड आहे, आणि तो मांडणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून उत्तर द्यायला हवं. नगर जिल्ह्यातल्या, मराठवाड्यातल्या आपल्या किती घरांचे पूर्वज महारवाड्यातून, मांगवाड्यातून मंडळीत आले? ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्यांना 'तुझा तिरस्कार करणाऱ्याचं भलं कर' असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ, असं कुणी म्हटलं तर मी त्याला गप्प करणार नाही. पण मी विचारीन : ही आज्ञा मुळात कुणाला दिली होती? गाढवाचा नियम मिळाला तो मिसरात विटा पाडून पाठ मोडलेल्या, नुकत्याच सुटलेल्या गुलामांना. डोंगरावर ऐकायला बसले होते ते रोमी सैन्याखाली भरडलेले लोक. रोमी शिपाई कुणालाही रस्त्यात अडवून आपलं ओझं मैलभर वाहायला लावू शकत होता. येशू म्हणाला, त्याच्याबरोबर दोन मैल जा. पहिला मैल शिपायाच्या हुकमाचा होता. दुसरा कुणाचा? तो वाहणाऱ्याच्या मर्जीचा. त्या दुसऱ्या मैलात शिपायाचा हुकूम संपलेला असतो आणि तरीही ओझं खांद्यावर असतं, कारण खांद्याच्या मालकानं तसं ठरवलं आहे. आपल्या पूर्वजांना ठरवण्याचा हक्कच नव्हता. वेठबिगारीत चांगुलपणाला जागा कुठून असणार? सोसणं आणि देणं यांत हाच फरक आहे. सोसणाऱ्याला कुणी विचारत नाही. देणारा मान ताठ ठेवून देतो.

आणि देता देता हक्कासाठी भांडायला कुणाची आडकाठी आहे? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती धर्मावर बांधल्या. पुढं त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला दलित मात्र आजही बाहेर आहे. या अन्यायाविरुद्ध न्यायालयात जाणारा, मोर्चा काढणारा ख्रिस्ती माणूस प्रभूची आज्ञा मोडत नाही. मोर्चावरून परतताना वाटेत विरोधी घोषणा देणाऱ्याची मोटरसायकल घसरून पडलेली दिसली आणि तो हसून पुढं गेला, तर मोडतो.

ज्यांना हे सगळं शास्त्रातलं वाटतं त्यांनी मध्य प्रदेशातलं उदयनगर आठवावं. सिस्टर राणी मारिया तिथल्या आदिवासी आणि भूमिहीन लोकांमध्ये काम करत होत्या. सावकारी पाशातून लोकांना सोडवत होत्या, आणि म्हणून त्या काहींच्या डोळ्यांत सलत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्यांना बसमधून ओढून, भोसकून मारलं. मारणारा समुंदर सिंग जन्मठेपेवर गेला. 2002 साली राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. पुढं 2006 साली तो सुटला आणि केरळात त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांना भेटला. दोन्ही बहिणी मला दिसतात. एक सावकारांशी झुंजता झुंजता मेली, दुसरीनं मारेकऱ्याच्या मनगटावर धागा बांधला. या दोघींत कोण दुबळी होती, हे चांगुलपणाचे दिवस संपल्याची दवंडी पिटणाऱ्यांनी मला सांगावं.

पण हीच गोष्ट सांगून दुसऱ्या बाजूचे लोक एक खोटं आश्वासन देतात आणि त्याचाही समाचार घ्यायला हवा. 'चांगलं वागा, तो नक्की बदलेल.' कुणी सांगितलं? अलीशा संदेष्ट्याची गोष्ट पाहा. त्याला धरायला आलेलं अरामी सैन्य शोमरोनात सापडलं. राजानं विचारलं, यांना मारू का? अलीशानं त्यांना जेवण वाढायला लावलं. मोठी मेजवानी झाली, सगळे घरी गेले, आणि अरामी टोळ्यांच्या धाडी थांबल्या. प्रवचन इथं संपतं. शास्त्र संपत नाही. पुढच्याच वचनात अरामाचा राजा सगळी फौज घेऊन शोमरोनाला वेढा घालतो, आणि शहरात इतकी उपासमार होते की त्याचं वर्णन वाचवत नाही. मग ती मेजवानी फुकट गेली का? मी म्हणतो, नाही. ती वेढा टाळण्यासाठी घातलेलीच नव्हती. समोर भुकेली, हतबल माणसं होती म्हणून घातली होती.

ओडिशातल्या मनोहरपूरला 1999 च्या जानेवारीत मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दहा आणि सहा वर्षांच्या दोन मुलांना गाडीत झोपलेले असताना जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि 2004 पर्यंत त्या बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांसोबत राहिल्या. खटला चालूच राहिला, शिक्षा झाल्या, सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली जन्मठेप कायम केली. क्षमेनं खटल्याचा पाय ओढला नाही आणि खटल्यानं क्षमेचा. समुंदर सिंग बदलला हे खरं आहे. तो बदलला नसता, तरी ती राखी चुकीची ठरली नसती.

जे लोक पौलाच्या त्याच पत्रातलं, वैऱ्याला जेवण दिल्यानं त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होते हे वचन पुढं करून 'चांगलं वागायचं, म्हणजे तो आतून जळतो' असं शिकवतात, त्यांच्याबद्दल फार लिहायची गरज नाही. पौलानं ते लिहिलं तेच मुळी सूड घेऊ नका असं सांगताना. भाकरीतून सूड वाढणाऱ्यानं भाकरीही नासवली आणि वचनही.

आता 'धर्मांतरासाठी चाललंय' या बोभाट्याविषयी. हा आरोप आजचा नाही. महाराष्ट्रात तो पंडिता रमाबाईंनी आपल्यापेक्षा शंभरपट झेलला. 1889 साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून 'केसरी'नं झोड उठवली. 1893 साली रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळींतली मोठी माणसं बाजूला झाली आणि पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. काही मुली पुढं ख्रिस्ती झाल्या हे खरं आहे, त्यावरचा वाद आजही संपलेला नाही आणि तो झाकून ठेवण्याचं मला कारण दिसत नाही. पण गोदूबाई जोशी त्याच सदनात शिकल्या, 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला, हिंदूच राहिल्या, आणि आनंदीबाई कर्वे या नावानं महाराष्ट्राला ठाऊक झाल्या. गळ टाकून बसलेल्या बाईच्या हातून असं निसटता आलं असतं?

रमाबाईंपुढं तेव्हा वाट मोकळी होती. इंग्लंडमध्ये त्यांना घर होतं, अमेरिकेत त्यांच्या कामासाठी पैसा गोळा करणारी संस्था होती. ज्या समाजानं तोंड फिरवलं त्याच्याकडे पाठ करून त्या सुखानं जगू शकल्या असत्या. त्या कुठं गेल्या? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या. स्वतःचे आईबाप दुष्काळात गमावलेल्या या बाईनं तिथून शेकडो भुकेल्या मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी घर उभं केलं. त्याच 1897 साली पुण्यात प्लेगच्या रुग्णालयात बायकांची जी दैना चालली होती तिच्याविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहून सरकारला जाब विचारला. सरकार त्यांच्या धर्माच्या लोकांचं होतं. बायका त्या शहरातल्या होत्या, ज्यानं चार वर्षांपूर्वी त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं होतं. त्या या बायकांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. 1922 च्या एप्रिलमध्ये केडगावलाच त्यांनी देह ठेवला.

आज आपण काय म्हणतो? लोक संशय घेतात, म्हणून हात आखडता घ्या. आपल्यापुरतं पाहा. रमाबाईंनी हा सल्ला मानला असता तर त्या मुलींनी कुठं जायचं होतं? आधी सगळ्या महाराष्ट्राची खात्री पटू दे, मग तुम्हाला भाकरी देते, असं त्यांना सांगायचं होतं का? दहा कुष्ठरोगी बरे झाले, एक परत आला. बाकीचे नऊ कुठं आहेत, असं येशूनं विचारलं, त्याला ते लागलंही असेल. पण त्या नऊ जणांचं बरं होणं त्यानं काढून घेतलं नाही. माझ्या चांगुलपणाचा अर्थ दुसऱ्यानं बरोबर लावला तरच मी चांगला वागेन, ही अट प्रभूनं कुठं घातली आहे?

मात्र संशय खोटा ठरवायचा असेल तर आपले हातही रिकामे हवेत. पूरग्रस्ताला तांदळाची पिशवी देताना तिच्यात पत्रिका सरकवणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो, हे थांबवा. तुमची श्रद्धा कुणी विचारली तर सांगा, मोकळेपणानं सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण भुकेल्याच्या ताटाशी सांगू नका. मल्ख पुढं शिष्य झाला, असं कुठल्याही शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. कान मात्र त्याचा त्याला परत मिळाला.

आणि मनःशांती. ज्यानं छळलं, फसवलं, हात उगारला त्याच्यापासून लांब राहण्याला माझा विरोध नाही, ते वर सांगितलंच. गाढवाचा नियमही वैऱ्याला रोज जेवायला बोलवा असं म्हणत नाही. पण बहुतेक ठिकाणी या शांतीच्या नावाखाली कुणाला वजा केलं जातं? लग्नात मानपान चुकला म्हणून नणंदेला. बढतीत आड आला म्हणून कार्यालयातल्या सोबत्याला. आपल्या बोलण्यावर हसली म्हणून शेजारणीला. ही माणसं आपल्याला इजा करत नाहीत, त्यांना आपण फक्त आवडत नाही. आणि कुणाला तरी आपण आवडत नाही हे सहन होईनासं झालं आहे. मग मन असं करतं : तो माणूस आहे हेच विसरून जातं. त्याच्या घरी मूल आजारी आहे का, त्याची नोकरी गेली का, हे कळण्याची वाटच बुजवून टाकतं. असं माणसाला पुसून मिळालेल्या शांतीला ख्रिस्ती शांती म्हणू नका.

लूकच्या शुभवर्तमानातला नववा आणि दहावा अध्याय लागोपाठ वाचावेत. शोमरोन्यांच्या एका गावानं येशूला आत घेतलं नाही. याकोब आणि योहान संतापले, आकाशातून अग्नी पाडून गाव जाळायची परवानगी मागू लागले. येशूनं त्यांना दटावलं आणि सगळे दुसऱ्या गावाला निघून गेले. तो त्या दाराशी हटून बसला नाही. आता पुढचा अध्याय. शेजारी कोण, असं एका शास्त्र्यानं विचारलं, आणि येशूनं एक गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत रस्त्यात पडलेल्या माणसाच्या जखमा बांधणारा, स्वतःच्या जनावरावर त्याला बसवणारा, खाणावळीचे पैसे भरणारा माणूस कोण आहे? शोमरोनी. ज्यांनी तोंडावर दार लावलं त्यांच्यातलाच एक. त्यांच्या पाठीमागं, यहुदी लोकांच्या घोळक्यात, येशू त्यांच्याविषयी हे बोलला. ज्याला आपण आवडत नाही त्याच्याबद्दल चारचौघांत चांगलं आणि खरं बोलायला ना पैसा लागतो ना ताकद. तेवढंसुद्धा आपल्या किती मंडळ्यांमध्ये होतं?

कारण खरं दुखणं तिथं आहे. चांगुलपणाचे दिवस गेले असं म्हणताना आपण बोट बाहेर दाखवतो, दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याकडे, सरकारकडे, काळाकडे. आणि आत काय चाललं आहे? कमिटीच्या निवडणुकीत विरुद्ध बाजूनं मत दिलं म्हणून माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना सलाम करत नाहीत. मंडळीच्या मिळकतीचे तंटे धर्मादाय आयुक्तांकडे पडून आहेत, आणि दोन्ही पक्ष प्रभुभोजनाला एकाच कठड्यापाशी गुडघे टेकतात, मधे जागा सोडून. नाताळात दारोदार गाणी गायला निघालेला तरुण संघ काही घरांपुढून न थांबता जातो, कारण ते घर 'त्यांच्या' गटाचं असतं. इथं कुठला रोमी शिपाई आहे? इथं कुणी धर्मांतराचा आरोप करतो? इथं आपल्याला कुठल्या पिढ्यांचं सोसणं आडवं येतं?

म्हणून माझं म्हणणं या आवारातल्या माणसांना आहे. ज्यानं तुमच्याविरुद्ध दावा लावला आहे त्याची आई वारली तर पेटीला खांदा द्यायला तुम्ही जायचं. मागं उभं राहून हजेरी लावायची नाही, कबरस्तानापर्यंत खांदा द्यायचा. परतल्यावर त्यांच्या घरी चूल पेटलेली नसेल, तर तुमच्या घरून डबा जायला हवा. पाहुणे फार असतील तर अंथरुणंही जायला हवीत. तो तुमच्याशी बोलणार नाही कदाचित, डब्याचं भांडं परत यायला महिना लागेल, आणि त्याच्या गटातले म्हणतील की दावा हरायला आला म्हणून आता गोड बोलायला लागला. म्हणू द्या. आणि पुढच्या तारखेला तुम्ही न्यायालयात हजर राहायचं, कागद पुरे घेऊन, त्याच्या वकिलाच्या प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं, मिळकत मंडळीची आहे तर ती मंडळीचीच आहे असं ठणकावून सांगायचं. त्याच्याविषयी मात्र खोटा एक शब्द साक्षीत घालायचा नाही, वकिलानं सुचवला तरी नाही, त्या एका शब्दावर दावा जिंकता येत असला तरीही नाही.